जीवनभाऊंचा पुदिना

धुळ्यात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे, ती माणसं जीवनभाऊ येताना दिसले की दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण कॉम्प्युटरवर चादर टाकतात. बाकीचे लाईट गेल्याचं सांगतात, आणि डोक्यावर पंखा फिरत असतानाही सांगतात.

जीवनभाऊ वसुलीवाले नाहीत. देवपुरातल्या एका खासगी तंत्रनिकेतनात ते कॉम्प्युटर लॅबचे सहायक आहेत. मी त्याच लॅबमध्ये शिकलो आणि आता तिथेच शिकवतो, म्हणून हे सगळं जवळून बघायला मिळालं. वय बेचाळीसच्या आसपास, शर्ट कायम इस्त्रीचा, चप्पल कायम झिजलेली. वडील बांधकामावर मिस्त्री होते. त्या घरात डिप्लोमा करणारे जीवनभाऊ पहिले. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात किल्ली एकच, घराची. बाकी सगळे पेनड्राइव्ह, आणि प्रत्येकात एक वेगळं लिनक्स. कुणाचा कॉम्प्युटर हळू चालतो एवढं कानावर पडलं, की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर जे जे दिसतं, फायली, चित्रं, कोपऱ्यातलं घड्याळ, ते सगळं सांभाळणारी एक यंत्रणा आत असते. आपल्याकडे ती बहुतेक विंडोज असते, कारण दुकानदाराने तीच घालून दिलेली असते. लिनक्स ही दुसरी. ती फुकट मिळते, जुन्या मशीनवरही पळते, आणि कुणी काही विचारलेलं नसतानाही जीवनभाऊ तिच्याबद्दल चहा गार होईपर्यंत बोलू शकतात. दुसरा चहा आला तर तोही गार होतो.

बोलणं सगळं तुलनेचं. विंडोज म्हणजे भाड्याचं घर. राहायला सोयीचं, पण मालक कधीही येणार, भिंतीला नवा रंग लावायला घेणार, आणि नेमका तुम्ही आंघोळीला गेलात की लावणार. मॅक म्हणजे पुण्यातला फ्लॅट. देखणा आहे, पण एक खिळा ठोकायचा तर सोसायटीला विचारा. आणि लिनक्स म्हणजे स्वतःच्या मालकीचं घर. यावर लॅबमधल्या एका मुलीने विचारलं होतं, की मालकीच्या घराचे पत्रे गळायला लागले तर कोण बघतं? जीवनभाऊ खूश होऊन म्हणाले, "आपणच. तीच तर मजा आहे." मुलीने ती मजा वहीत लिहून घेतली नाही.

लग्न ठरवायला गेले तेव्हाची गोष्ट तर दोन्ही घरांत अजून सांगतात. पोहे झाले, आणि मोठ्यांनी दोघांना बोलण्यासाठी बाहेरच्या खोलीत बसवलं. जीवनभाऊंचा पहिला प्रश्न होता, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम वापरता? वृषालीवहिनी त्या वेळी एका सायबर कॅफेत कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "जी चालते ती." जीवनभाऊंना उत्तर पटलं नाही, पण मुलगी पटली.

आज वहिनींचं स्वतःचं दुकान आहे, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. तिथला कॉम्प्युटर विंडोजवर चालतो, आणि त्याला जीवनभाऊंनी हात लावायचा नाही, हा दुकान उघडल्या दिवसापासूनचा नियम आहे. ते दुकानात आले तर वहिनी त्यांना काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवतात. चहा देतात. माऊस देत नाहीत.

हेच जीवनभाऊंचं दुखणं. गावात कुणालाही लिनक्सचं महत्त्व सांगायला घ्या, तो सगळं ऐकून घेतो आणि शेवटी शांतपणे विचारतो, "ते सगळं खरं हो भाऊ, पण तुमच्या दुकानात काय आहे?" इथे जीवनभाऊंची गाडी बंद पडते. आजवर त्यांनी कितीतरी मशीनवर लिनक्स घातलं आणि एकही टिकलं नाही. ते गल्लीच्या टोकाला पोचत नाहीत तोवर घरातला कुणीतरी विंडोज टाकून देणाऱ्याला फोन लावतो. पण त्यांचं म्हणणं असं, की एकदा वहिनींच्या दुकानात लिनक्स चालताना लोकांनी बघितलं, की अख्खं धुळं आपोआप वळेल. त्यांना बाकी काही नको होतं. ते एक मशीन हवं होतं.

गेल्या ऑक्टोबरात विंडोज दहाची मुदत संपली. म्हणजे ती बंद पडली असं नाही, पण नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं, आणि पुढची अकरा नंबरची जुन्या मशीनवर बसेना. लोक चिंतेत पडले. जीवनभाऊंनी लॅबमध्ये पेढे वाटले. बावीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो आला, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र नुसतं बोलावून कुणी येणार नाही, एवढं व्यवहारज्ञान त्यांच्याकडे होतं. म्हणून त्यांनी जानेवारीत भरीत ठेवलं.

आमच्याकडे थंडीत भरीताचं आमंत्रण आलं की माणूस कारण विचारत नाही. भांडण झालेला भाऊबंदसुद्धा येतो, पाठ करून बसतो, पण जेवतो. जीवनभाऊंनी सगळ्यांना एकच निरोप पाठवला. रविवारी साक्री रोडला मित्राच्या शेतात भरीत आहे, येताना सीपीयू घेऊन या.

लोक आले, आणि खरोखरच सीपीयू घेऊन आले. यादवनाना, म्हणजे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, जीवनभाऊंच्या गल्लीतले मोठे माणूस, त्यांनी तर सीपीयू सिटी रिक्षात मांडीवर घेऊन आणला आणि रिक्षावाल्याने दोन सीटचं भाडं मागितलं तेव्हा लगेजचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले. रावेरहून जगदीश आला. त्याचं केळी पॅकिंगचं काम आहे. तो पिकअपमध्ये भरताची हिरवी वांगी, केळीची एक फणी आणि पॅकिंग शेडमधला धुळीने माखलेला कॉम्प्युटर असं सगळं एकावर एक टाकून आला. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आश्रमशाळेत शिकवणारे करमसिंग गुरुजी मोटारसायकलवर मागे सीपीयू बांधून आले. तो त्यांनी घोंगडीत गुंडाळला होता. आणखीही सात-आठ जण होते.

मग एका बाजूला कपाशीच्या काड्यांचा जाळ आणि दुसऱ्या बाजूला खाटांवर मांडलेले कॉम्प्युटर, असा तो कार्यक्रम सुरू झाला. जीवनभाऊ दोन्हीकडे. इकडे वांगं फिरवायचं, तिकडे पुढचं बटण दाबायचं. हाताची काजळी कीबोर्डला आणि कीबोर्डची धूळ वांग्याला. मध्येच शेतीची लाईट गेली आणि सगळी मशीनं अर्ध्यात थांबली. जीवनभाऊंचा चेहरा वांग्यासारखा झाला, पण तोवर वांगी सोलून झाली होती. लाकडी बडगीत मिरच्या, लसूण, शेंगदाणे कुटून पडले होते, आणि लाईट येईस्तोवर जेवून घ्यावं यावर सगळ्यांचं एकमत झालं.

जेवताना त्यांनी भाषण केलं. आज आपण जे लिनक्स टाकतोय त्याचं नाव मिंट, मिंट म्हणजे पुदिना, असं त्यांनी सांगितलं. भाषणातलं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. यादवनाना बोटं चाटत म्हणाले, "पन जीवन, भरीतमा पुदिना कोन टाकस रे?" तेव्हापासून लिनक्सला आमच्याकडे पुदिना म्हणतात.

लाईट आली आणि कुणीही नाही म्हणालं नाही. कसे म्हणणार? ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत पोटात गेलेलं होतं. ज्याचं खाल्लं त्याला त्याच ताटावर नाही म्हणण्याची पद्धत आमच्याकडे नाही. संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळ्या मशीनवर पुदिना पडला.

ते एक मशीन लीलाफुईंचं. फुई म्हणजे आत्या, जीवनभाऊंच्या वडिलांची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी पिंपळनेरच्या आसपासच्या पाड्यांवर गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्या तिथेच राहिल्या. त्यांची बस साक्रीजवळ बंद पडली. त्या पोचल्या तेव्हा बडगी धुऊन पालथी घातली होती. जीवनभाऊ शरमेने अर्धमेले झाले. फुईंनी चटणीशी अर्धी भाकरी खाल्ली, पदराला हात पुसले आणि सीपीयू पुढे सरकवला. आणलाय तर टाक काय टाकायचं ते, सारखी हरवल्यासारखी चालते ही मशीन, एवढंच त्यांचं म्हणणं.

सगळे गेल्यावर वहिनी चुलीतला जाळ विझवत होत्या. जीवनभाऊ हवेत होते. म्हणाले, आता तरी दुकानाचं मशीन दे. वहिनींनी तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं, धूर निवेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "जयंतीपर्यंत यातलं एक मशीन टिकू द्या. एकच. मग दुकानाचं मशीन तुमचं. आणि एकही टिकलं नाही, तर तुमचे सगळे पेनड्राइव्ह माझ्या कपाटात. नंतर कुणाच्या घरी हा विषय काढायचा नाही."

जानेवारी ते चौदा एप्रिल. जीवनभाऊंना ही पैज म्हणजे पोरखेळ वाटली. इतक्या मशीनमधलं एक तर कुणीही टिकवेल.

पहिला गेला जगदीश. त्याच्याकडे केळीच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेली होती. तो फॉन्ट पुदिन्यात नव्हता. कामगाराने न बघता छापलं आणि व्यापाऱ्याच्या नावाच्या जागी सगळे चौकोनच चौकोन आले. दोन ट्रक तसेच दिल्लीला गेले. तिकडच्या माणसाने फोन करून विचारलं, की हा चौकोनांचा नवीन माल कुठला, चांगला पिकलाय, अजून पाठवा. जगदीशला माल गेल्याचा आनंद झाला, पण लेबलं त्याने विंडोजवरच परत नेली. जीवनभाऊंनी त्याला फॉन्ट घालून देतो म्हणून तीनदा सांगितलं. जगदीश प्रत्येक वेळी फार आदराने बोलला आणि प्रत्येक वेळी ट्रक भरायची वेळ झालेली होती.

यादवनानांची अडचण तर कुठल्याच पुस्तकात सापडली नसती. जीवनभाऊ आणि मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा विंडोज परत आलेली होती आणि नाना तिच्यासमोर समाधानाने बसले होते. काय चुकलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पहिलं मशीन चालू व्हताच वाजे. तुनं हाई मुकं शे. चालू शे का बंद, मालेच समजत नही." चाळीस वर्षं घंटी वाजवल्याशिवाय गाडी न सोडलेला माणूस. जीवनभाऊंनी तिथल्या तिथे आवाज लावून देतो म्हटलं. मग नानांनी खरं कारण सांगितलं. पुण्याला शिकणाऱ्या नातवाने व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, आजोबा कोणती विंडोज? आणि नानांना पुदिना म्हणायची लाज वाटली.

बाकीचे असेच गळत गेले. एकाचा प्रिंटर रुसला, एकाच्या बायकोचा पत्त्यांचा खेळ सापडेना. दर आठवड्याला एक फोन यायचा, त्यात आधी भरताची आठवण निघायची, आणि भरताची आठवण निघाली की जीवनभाऊंना पुढचं कळायचं. करमसिंग गुरुजींचं मशीन मात्र पार होळीपर्यंत टिकलं. जीवनभाऊ लॅबमध्ये येईल त्याला त्यांचं उदाहरण द्यायला लागले. बघा, डोंगरातल्या शाळेत चाललंय आणि तुम्हाला शहरात चालत नाही. होळीनंतर गुरुजी काही कामाने धुळ्याला आले तेव्हा समजलं, की त्यांना ते पहिल्याच आठवड्यात काढायचं होतं, पण तिकडे काढून देणारा कुणी मिळत नव्हता. होळीला नाशिकहून साडू आला. त्याला येत होतं.

वहिनी रोज काही विचारायच्या नाहीत. एकदाच, भाजी निवडताना, त्या म्हणाल्या की ज्या ज्या माणसाने भरीत खाल्लं त्याने मशीन परत फिरवलं. उरल्या फक्त फुई, आणि त्यांच्या वाट्याला भरीत आलंच नव्हतं. जीवनभाऊंनी याचा विचार करायला नको म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन फडक्याने पेनड्राइव्ह पुसले.

फुईंचं मशीन मात्र खरंच चाललं होतं. त्या रोज लावत. बुद्धवंदना ऐकत, मुलीशी बोलत, पाड्यावरच्या पोरांचे फॉर्म भरून देत. एप्रिल उजाडला, मग दहा तारीख गेली. जीवनभाऊंनी दुकानाच्या मशीनसाठी नवा माऊस विकत घेतला आणि कपाटात लपवून ठेवला. तो वहिनींना पहिल्याच दिवशी सापडला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

तेरा तारखेला आम्ही दोघे पिंपळनेरला निघालो. फुई, त्यांचं मशीन आणि त्यावर चालणारा पुदिना असा एक फोटो काढायचा, तो वहिनींना दाखवायचा आणि जयंतीच्या दिवशी दुकानाचा ताबा घ्यायचा, असा बेत होता. बसमध्ये जीवनभाऊ फार बोलले नाहीत. जिंकणारा माणूस बोलत नाही, असं मला त्यांनी बोलूनच सांगितलं.

फुईंच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. सगळ्या म्हाताऱ्या, वरच्या पाड्यांवरून चालत आलेल्या, पिशवीत आधार कार्ड. सरकारी मदतीसाठी आपण हयात आहोत हे अंगठा लावून दाखवायचं होतं. एरवी त्यासाठी या बायका साक्रीपर्यंत बसने जात आणि रांगेत बसून परत येत. फुईंनी खटपट करून अंगठा घ्यायचं यंत्र आपल्या घरी मागवलं होतं. ते आदल्या संध्याकाळी आलं. आज तेरा, उद्या सुट्टी, आणि पंधराला मुदत संपत होती.

यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं होतं आणि त्याचा दिवा लागत नव्हता.

जीवनभाऊंनी बाह्या दुमडल्या. सुरुवातीला त्यांना फार उत्साह आला, कारण मालकीच्या घराचे पत्रे गळत होते आणि ते शिडीवर चढले होते. वायर बदलली, दुसऱ्या खाचेत लावली, पडदा काळा करून त्यावर पांढऱ्या अक्षरांत भराभर काहीतरी लिहिलं. बायका खिडकीतून बघत होत्या. तासाभराने त्यांनी ते यंत्र बनवणाऱ्यांची वेबसाईट उघडली. यंत्र चालवण्याचं सॉफ्टवेअर तिथे दोन प्रकारचं होतं, विंडोजसाठी आणि स्मार्टफोनसाठी. फुईंचा फोन बटणांचा. जीवनभाऊंनी स्वतःचा फोन लावून बघितला, तर या कामाची नोंदणी फुईंच्या मशीनच्या नावाने झालेली होती. तिसरा प्रकार नव्हता. त्यांनी पान खालपर्यंत सरकवलं, मग वर आणलं, मग पुन्हा खाली नेलं.

मी म्हटलं, पैजेचा उद्याचा एकच दिवस उरलाय, फोटो काढून घेऊ आणि परवा काहीतरी करू. मला वाटतं त्यांनाही क्षणभर तेच वाटलं असावं, कारण त्यांनी फोन हातात घेतला होता. फुई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पैजेचं त्यांना ठाऊक होतं, वहिनींनी फोनवर सांगितलेलं होतं.

"तुनी पैज तू खिसामा ठेव," त्या म्हणाल्या. "त्या बाया सकायपाइन बठेल शेतस. पहिले त्यासना अंगठा घे."

जीवनभाऊंनी फोन खाली ठेवला. मग खिशातून जुडगा काढला आणि एकेक पेनड्राइव्ह बघितला. मीही बघितले. सगळी लिनक्सं. ज्या माणसाने बावीस वर्षं विंडोज काढण्यात घालवली त्याच्याकडे विंडोज घालायचा पेनड्राइव्ह असणार कुठून? पिंपळनेरातलं मोबाईलचं दुकान गाठलं. दुकानदार जयंतीच्या तयारीला गेले होते, शटर बंद होतं.

शेवटी त्यांनी वहिनींना फोन लावला. मी ओट्यावर गेलो, पण ऐकू येत होतं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. यंत्र आहे, बायका आहेत, परवा मुदत आहे, विंडोज पाहिजे. मग वहिनींनी विचारलं, दहा का अकरा? फुईंच्या मशीनला दहा. वहिनींनी फोन ठेवला.

पेनड्राइव्ह एसटीने आला. वहिनींनी तो रुमालात बांधून यादवनानांकडे दिला, नानांनी स्टँडवर जाऊन ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातात ठेवला, आणि बस लागली तेव्हा जीवनभाऊ पिंपळनेरच्या स्टँडवर उभे होते. नानांचा निरोपही सोबत होता. हाई चालू व्हताच वाजस, घाबरू नको.

जीवनभाऊंची एक गोष्ट आतापर्यंत मी सांगितली नाही. एकाच मशीनमध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात. डिस्कचे दोन हिस्से करायचे, चालू करताना कोणतं हवं ते विचारणारी पाटी येते. साधी सोय आहे. पण जीवनभाऊंनी ती कुणालाही करून दिली नव्हती. दोन्ही ठेवलं की माणूस जुन्याकडेच जातो, म्हणून टाकायचं तर पुसून टाकायचं, हा त्यांचा बाणा. त्यांच्यासमोर या सोयीचं नाव काढलं तरी ते चष्मा काढून पुसायला लागत. त्या दुपारी त्यांनी फुईंच्या डिस्कचे दोन हिस्से केले आणि एका हिश्श्यात स्वतःच्या हाताने विंडोज घातली. विंडोज वाजली. फुईंनी दचकून वर बघितलं. यंत्राचा दिवा लागला.

मग संध्याकाळपर्यंत अंगठे. आयुष्यभर लाकडं आणि मोहाची फुलं वेचलेले ते अंगठे, त्यावर रेषा शोधाव्या लागत होत्या. जीवनभाऊ ओल्या फडक्याने एकेक अंगठा पुसायचे, धरून ठेवायचे आणि पडद्यावर हिरवी खूण आली की "आजी, जिवंत आहात" म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या आजीपासून बायका हसायला लागल्या. गुंताबाई नावाच्या एका म्हातारीचा अंगठा नऊ वेळा नापास झाला. दहाव्यांदा पास झाल्यावर ती फुईंना म्हणाली, की मेले असते तर इतका त्रास झाला नसता.

बायका गेल्या. जीवनभाऊ जुडगा उचलून निघायच्या तयारीत होते. हरलेला माणूस दिसतो तसे दिसत होते, शर्टाची इस्त्री मोडलेली. फुई खुर्चीवर बसल्या, माऊस हलवला, आणि त्यांचा आवाज चढला.

"हाई काय लाई दिधं तू? मनं पहिलं कोठे गयं?"

जीवनभाऊंना कळेना. फुईंची तक्रार लांबलचक होती. अक्षर बारीक झालं. वंदना कुठे गेली? आणि हे सारखं काहीतरी विचारतंय, हे करू का, ते करू का, नंतर आठवण करू का. "असं वाटस, मनं काय चुकी गयं का. अंगठासाठे ऱ्हाऊ दे हाई. बाकी माले मनं जुनंच दे."

बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी, जीवनभाऊंनी एकही शब्द न सांगता, दोन्हींची तुलना करून पुदिना मागितला होता. ते तिथेच स्टुलावर बसले. मग जुडग्यातला एक पेनड्राइव्ह लावला. विंडोजने आल्या आल्या दुसऱ्या हिश्श्याची पाटी काढून टाकली होती, ती त्यांनी पुन्हा बसवली. मशीन चालू केलं की आता दोन ओळी येत. फोटो काढला तो त्या दोन ओळींचा.

घरी तो फोटो वहिनींनी बराच वेळ बघितला. जीवनभाऊंनी पेनड्राइव्हचा जुडगा सोडवून टेबलावर ठेवला, घराची किल्ली तेवढी बाजूला काढली. मीच मध्ये तोंड घातलं, की मशीनवर लिनक्स आहे म्हणजे टिकलं. वहिनी म्हणाल्या, विंडोज पण आहे म्हणजे गेलं. मग त्यांनी गुंताबाईच्या अंगठ्याची हकीकत सगळी विचारून घेतली आणि हसल्या.

"अर्धं टिकलं ना," त्या म्हणाल्या. "मग अर्धं तुमचं."

पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून हा समारंभ झाला. वहिनी शेजारी बसल्या होत्या. सगळ्या फायली आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या, आणि जीवनभाऊ प्रत्येक बटण दाबण्याआधी त्यांच्याकडे बघत होते. हिस्से झाले. पाटीत पहिली ओळ विंडोजची, आणि काही दाबलं नाही तर दहा सेकंदांनी तीच सुरू होणार, या दोन अटी वहिनींच्या. जीवनभाऊंनी लपवलेला माऊस वहिनींनीच आणून जोडला.

तेव्हापासून जीवनभाऊ लॅबला येण्याआधी रोज दुकान उघडायला हजर असतात. शटर वर जातं, मशीन चालू होतं आणि काळ्या पडद्यावर दोन नावं येतात. बाकावर एखादा फॉर्मवाला बसलेलाच असतो, तो विचारतो, हे दुसरं काय आहे? जीवनभाऊ सांगायला सुरुवात करतात. दहा सेकंदांत भाड्याचं घरसुद्धा पूर्ण होत नाही, मालक रंगाचा डबा घेऊन दारात येतो तोच विंडोज वाजते आणि वहिनी म्हणतात, चला, नंबर कुणाचा?

म्हणून मागच्या आठवड्यात त्यांनी दहाचे तीस केलेत. वहिनींना वाटतं, मशीन जुनं झालं.